एक लाखाची शिल्लक

मुंबई महापालिकेला तुटीचा अर्थसंकल्प मांडता येत नाही. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमातली अट अशी आहे, की सगळी देणी धरून वर्षअखेरीला निदान एक लाख रुपये शिल्लक दिसले पाहिजेत. आज एका लाखात नाहूरला चार-पाच चौरस फूट जागा येईल. पण अट कायम आहे. त्यामुळे दर फेब्रुवारीत आयुक्त जो अर्थसंकल्प मांडतात, त्याच्या शेवटच्या ओळीत शिल्लक असतेच. २०२१-२२ साली ती ११ कोटी १९ लाख होती, २०२२-२३ साली ८ कोटी ४३ लाख, त्यापुढच्या वर्षी ६५ कोटी ३३ लाख. २०२५-२६ च्या ७४,४२७ कोटींच्या अर्थसंकल्पात ती ६० कोटी ६५ लाख होती, म्हणजे शंभर रुपयांमागे आठ पैसे.

इतका नेमका तोल आपोआप जमत नाही, तो जमवावा लागतो. २०२५-२६ चा तोल जमवण्यासाठी महापालिकेने आपल्याच निरनिराळ्या निधींतून सुमारे १६,७०० कोटी रुपये तात्पुरते उचलायचे ठरवले. कायद्याच्या भाषेत ही तूट नव्हे, अंतर्गत हस्तांतरण आहे. ते बेकायदा नाही, लपवलेलेही नाही. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात छापलेले आहे. फक्त दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यात ‘शिलकी अर्थसंकल्प’ एवढेच येते.

मी सार्वजनिक वित्त हा विषय शिकवतो आणि नाहूरला राहतो. शिलकी अर्थसंकल्प म्हणजे चांगला अर्थसंकल्प, ही समजूत वर्गात जेवढी घट्ट असते तेवढीच आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतही असते. माझे म्हणणे असे: तूट आटोक्यात ठेवण्याचा नियम गरिबांच्या विरोधात लिहिलेला नसतो. पण तो पाळायची वेळ आली, की ज्या खर्चाला कायद्याचा, कराराचा किंवा संघटनेचा आधार नाही तो खर्च आधी कापला जातो. आणि असा निराधार खर्च बहुतेक वेळा गरिबांवरचाच असतो. या लेखात ते प्रत्यक्ष कसे घडते, हे दाखवायचे आहे.

तीन कायदे, एक रहिवासी

नाहूर हे मध्य रेल्वेवर भांडुप आणि मुलुंडच्या मधले स्थानक, २००६ साली सुरू झालेले. पूर्वीची कारखान्यांची वस्ती आता टॉवरांची झाली आहे. भांडुपच्या टेकडीवरच्या झोपड्या आहेत तिथेच आहेत. इथल्या माणसावर असे नियम एकावर एक तीन आहेत. महापालिकेचा १८८८ चा. राज्याचा २००५ चा, म्हणजे महाराष्ट्र राजकोषीय उत्तरदायित्व व अर्थसंकल्पीय व्यवस्थापन अधिनियम. आणि त्याच धर्तीचा केंद्राचा २००३ चा, जो जुलै २००४ मध्ये लागू झाला.

राज्याच्या कायद्यात दोन तुटींचा उल्लेख येतो. रोजचा खर्च (पगार, निवृत्तिवेतन, व्याज, औषधे, अनुदाने) रोजच्या उत्पन्नातून भागला नाही तर ती महसुली तूट. ती शून्यावर आणायची. सगळा खर्च धरून जेवढे नवे कर्ज काढावे लागते ती राजकोषीय तूट. ती राज्याच्या स्थूल उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवायची. राज्यांनी हे कायदे केले त्यामागे ओढही होती. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालच्या बाराव्या वित्त आयोगाने केंद्राकडच्या जुन्या कर्जात सवलत देऊ केली, पण अट घातली की आधी राजकोषीय उत्तरदायित्वाचा कायदा करा. शिवाय केंद्राचे देणे शिल्लक असलेल्या राज्याला घटनेच्या २९३ व्या अनुच्छेदानुसार केंद्राच्या संमतीशिवाय नवे कर्ज काढता येत नाही. म्हणजे राज्याने कायदा मोडायचा म्हटले तरी तिजोरीची दुसरी किल्ली दिल्लीत असते.

महाराष्ट्राच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात महसुली जमा ५,६०,९६४ कोटी आणि महसुली खर्च ६,०६,८५५ कोटी आहे. महसुली तूट ४५,८९१ कोटी; राजकोषीय तूट १,३६,२३५ कोटी, म्हणजे स्थूल राज्य उत्पन्नाच्या सुमारे पावणेतीन टक्के. पहिला नियम मोडला, दुसरा पाळला. ज्या आकड्यावर कर्जाची परवानगी अवलंबून असते तो आकडा सांभाळला जातो, हे इथे स्पष्ट दिसते. मग तीनच्या आत राहण्यासाठी वर्षभर जी कसरत चालते, ती पाहण्यासारखी असते.

‘क’ची तूट

आधी महापालिकेचे पाहू, कारण तिथला नियम सर्वांत कडक आहे आणि त्याचा परिणाम बसथांब्यावर दिसतो.

महापालिकेचा अर्थसंकल्प अक्षरांत विभागलेला असतो. ‘अ’मध्ये रस्ते, आरोग्य, घनकचरा, ‘ई’मध्ये शिक्षण, ‘ग’मध्ये पाणी आणि मलनिस्सारण, ‘क’मध्ये बेस्ट. बेस्ट ही ७ ऑगस्ट १९४७ पासून महापालिकेचा उपक्रम आहे. तिची वीज कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच पोचते. नाहूर-मुलुंडला महावितरणची वीज आहे. बस मात्र साऱ्या मुंबईत धावते. कित्येक वर्षे शहरातल्या विजेच्या नफ्यातून साऱ्या मुंबईच्या बसचा तोटा भरून निघत असे. २००३ च्या वीज कायद्यानंतर तो मार्ग अरुंद होत गेला. काही काळ वीजबिलातच परिवहन तुटीचा आकार लावला गेला, पुढे तोही बंद झाला. बस तिथेच राहिली, तिला पोसणारा हात गेला.

आता शिलकीची अट ‘क’लाही लागू आहे. बेस्टने शेकडो कोटींची तूट दाखवणारा अर्थसंकल्प पाठवला, की महापालिका म्हणणार: कायद्यात बसत नाही, परत न्या. २०१७ नंतर हे प्रत्यक्ष घडले. अर्थसंकल्प मंजुरीविना पडून राहिले. त्याआधी महापालिकेने बेस्टला १,६०० कोटी रुपये दिले होते, पण कर्ज म्हणून, दहा टक्के व्याजाने. गरीब प्रवाशाला स्वस्त तिकीट देण्याची सामाजिक जबाबदारी तोट्यातल्या उपक्रमाने पार पाडायची आणि त्यासाठी आपल्याच पालक संस्थेला व्याज भरायचे, असा हा हिशेब.

जानेवारी २०१९ मध्ये बेस्टच्या कामगारांनी नऊ दिवसांचा संप केला. वर्तमानपत्रांत पगारवाढीची बातमी झाली. पण मागण्यांच्या यादीतली कळीची मागणी होती, ‘क’ अर्थसंकल्प ‘अ’मध्ये विलीन करा. कामगारांना नियमाची गाठ कुठे आहे ते बरोबर कळले होते. बस हा शहराचा खर्च आहे असे मानले, तर तिची तूट ही रस्त्यांच्या किंवा रुग्णालयांच्या खर्चासारखी शहराच्या एकूण जमेतून भागते. तिला स्वतंत्र खाते मानले, की ती रोज परीक्षेला बसते आणि रोज नापास होते. विलीनीकरण झाले नाही. त्याऐवजी अनुदान सुरू झाले. ९ जुलै २०१९ पासून किमान भाडे आठ रुपयांवरून पाच रुपये झाले, प्रवासी परतले, आणि स्वतःच्या ३,३३७ बस ताफ्यात राखण्याचे कामगार संघटनेशी ठरले. आज बेस्टच्या मालकीच्या बस काही शेकड्यांवर आल्या आहेत, बाकी भाड्याच्या.

महापालिकेने २०१२-१३ पासून बेस्टला अकरा हजार कोटींहून अधिक रक्कम दिली आहे. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात हजार कोटी होते. रक्कम लहान नाही. पण ती दरवर्षी मागून घ्यावी लागते, हक्काची नसते. म्हणूनच जिथे दुसरे काही जमले नाही तिथे भाडे वाढले: ९ मे २०२५ पासून किमान भाडे साध्या बसला पाचाचे दहा, वातानुकूलित बसला सहाचे बारा. आमच्या इमारतीत धुणीभांडी करणाऱ्या मावशी भांडुपहून येतात. महिन्याचे सव्वीस दिवस, जाऊन-येऊन दोन फेऱ्या. पूर्वी २६० रुपये लागत, आता ५२०. महापालिकेच्या पुस्तकात हे २६० रुपये ‘उत्पन्नवाढ’ म्हणून येतात. मावशींच्या पुस्तकात ती कपात आहे. समतोलाच्या नियमाला यातला फरक दिसत नाही.

कात्री कशी चालते

मंत्रालयात खर्चाचे दोन वर्ग करतात: अनिवार्य आणि कार्यक्रम. पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज हे तीन खर्च राज्याच्या महसुली जमेतला निम्म्याहून मोठा भाग घेऊन जातात. ते पुढच्या महिन्यावर टाकता येत नाहीत. ठेकेदाराशी करार झालेले काम अर्ध्यावर सोडता येत नाही. उरतात त्या योजना: शिष्यवृत्ती, आश्रमशाळा, घरकुल, शिवभोजन, आहार.

योजना बंद करायला मंत्रिमंडळ लागते, विधानसभेत प्रश्न येतो. निधी न सोडायला काहीच लागत नाही. विधिमंडळाने शंभर रुपये मंजूर केले तरी वित्त विभाग बीम्स या संगणक प्रणालीवर जेवढे सोडेल तेवढेच खर्चता येतात. साठ-सत्तर टक्के सोडायचे, डिसेंबर-जानेवारीत सुधारित अंदाज करायचा, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उरलेले थोडे सोडायचे. वेळ संपली की ते व्यपगत. योजना कागदावर जिवंत, आणि तूट तीनच्या आत. माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो, अर्थसंकल्पाचा अंदाज वाचू नका; दोन वर्षांनी येणारा प्रत्यक्ष खर्चाचा रकाना वाचा. राज्याचे मन तिथे कळते.

नियमाचा खरा स्वभाव दिसला तो करोनाच्या वर्षी. टाळेबंदीने कर आटले. ४ मे २०२० च्या शासन निर्णयाने राज्याने योजनांवरचा खर्च तेहतीस टक्क्यांवर आणला. शंभरातले सदुसष्ट रुपये गेले, नवी कामे आणि नवी भरती थांबली. सार्वजनिक आरोग्य, वैद्यकीय शिक्षण, मदत-पुनर्वसन, अन्नपुरवठा असे मोजके विभाग वाचले. रोजगार बुडालेल्या लोकांना सरकारची सर्वाधिक गरज असलेले वर्ष, आणि तेच सरकारने हात आखडायचे वर्ष. त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. उत्पन्न पडले की खर्च पाडा, हेच समतोलाचे गणित आहे. केंद्राने त्या वर्षी राज्यांची कर्जमर्यादा तीनवरून पाच टक्के केली खरी, पण वाढीव मर्यादेचा काही भाग सुधारणांच्या अटींना बांधला, आणि कात्री तोवर चालून गेली होती. खुद्द केंद्राची राजकोषीय तूट २०२०-२१ मध्ये ९.२ टक्क्यांवर गेली. संकटात नियम सोडावा लागतो, हे दिल्लीने कृतीने मान्य केले. मुंबईला ती मोकळीक मापून मिळाली.

अमेरिकेतही हीच गोष्ट आहे. तिथे व्हर्मांट वगळता सगळ्या राज्यांवर समतोलाची कुठली ना कुठली अट आहे. मंदी आली की बेकारी वाढते, गरिबांसाठीच्या मेडिकेड आरोग्य योजनेत नावे वाढतात, आणि नेमका तेव्हाच राज्याचा कर आटतो. २००९ मध्ये वॉशिंग्टनने मेडिकेडमधला आपला वाटा तात्पुरता वाढवला म्हणून राज्ये तगली. ब्राझीलने २०१६ मध्ये घटनादुरुस्ती करून खर्चावर वीस वर्षांची मर्यादा घातली. महागाईपलीकडे वाढ नाही. ती वीस वर्षे काही पुरी झाली नाहीत, २०२३ मध्ये दुसरी चौकट आणावी लागली.

गरिबाच्या ताटातून गरिबाच्या ताटात

कोणी म्हणेल, ‘लाडकी बहीण’ योजनेत बायकांना महिना दीड हजार मिळतात, मग गरिबांवरचा खर्च कापला कुठे? प्रश्न रास्त आहे. जुलै २०२४ पासूनच्या या योजनेला २०२५-२६ मध्ये ३६,००० कोटींची तरतूद होती. हा पैसा बायकांच्या हातात थेट जातो आणि त्याचे मोल मी कमी लेखत नाही. पण मर्यादा तीन टक्क्यांचीच असल्यावर एवढी मोठी योजना शिरते तेव्हा जागा करून द्यावी लागते, आणि ती शेजारच्यांनाच द्यावी लागते. मे २०२५ मध्ये सामाजिक न्याय विभागाचे ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे ३३५.७० कोटी या योजनेकडे वळले. संबंधित मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. सरकारचे उत्तर होते, की हा पैसा त्याच समाजांतल्या बहिणींना जातो. उत्तर हिशेबाला धरून आहे. पण वसतिगृहातल्या मुलाचा पैसा त्याच्या आईच्या खात्यात गेल्याने वसतिगृह चालत नाही.

२०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत रवा, चणाडाळ, साखर आणि पामतेल देणारा ‘आनंदाचा शिधा’ आला होता. २०२५ च्या गणपतीत तो आला नाही, आणि निधीच्या ओढाताणीचे कारण अन्न व नागरी पुरवठामंत्र्यांनी उघड सांगितले. ते उघड बोलले हे बरेच झाले. त्याहून मोठी कपात होते ती कोणी काही न बोलता.

वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचे पाहा. इंदिरा गांधींच्या नावाने ही योजना २००७ मध्ये आली तेव्हा केंद्राचा वाटा महिना २०० रुपये होता. साठ ते एकोणऐंशी वयोगटासाठी तो आजही २०० आहे. राज्य आपली भर घालून १,५०० करते, तेही २०२३ पासून. संजय गांधी निराधार योजनेची उत्पन्नमर्यादा वर्षाला २१,००० रुपये, म्हणजे कुटुंबाला महिन्याला साडेसतराशे. लाडकी बहीणची मर्यादा अडीच लाख. निराधार ठरायला मुंबईत एवढे निराधार असावे लागते, की त्या उत्पन्नात भाडे सोडा, महिन्याचा किराणाही येत नाही. खरे उत्पन्न लिहिले तर अर्ज बाद, खोटे लिहिले तर गुन्हा. अंगणवाडीतल्या मुलाच्या पूरक आहाराचा दर २०१७ मध्ये दिवसाला आठ रुपये ठरला आणि पुढे अनेक वर्षे तोच राहिला.

यांतली एकही योजना कोणी बंद केली नाही, एकाही तरतुदीवर कात्री चालवली नाही. फक्त आकडा जागचा हलवला नाही; कापायचे काम महागाईने केले. याच काळात सरकारी कर्मचाऱ्याचा महागाई भत्ता महागाई निर्देशांकाबरोबर वाढत आला, आणि ते योग्यच आहे. २०१७ मध्ये जकात गेली तेव्हा महापालिकेने भरपाई मागितली. राज्याने कायदाच केला, की भरपाईत दरवर्षी आठ टक्के चक्रवाढ होईल. म्हणजे महागाई सर्वांना मान्य आहे. ती फक्त निराधार म्हातारीच्या दोनशे रुपयांना लागू नाही.

इमारत म्हणजे पुण्य, पगार म्हणजे पाप

या नियमांत आणखी एक खोच आहे. महसुली तूट शून्य करायची, म्हणजे रोजचा खर्च संशयास्पद आणि भांडवली खर्च पवित्र, असा संस्कार कारभारावर होतो. रुग्णालयाची इमारत भांडवली. तिच्यातली परिचारिका, औषधे, सलाइन, वॉर्डबॉय महसुली. महापालिकेच्या २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात भांडवली खर्च ४३,१६२ कोटी, म्हणजे ५८ टक्के, आणि हे प्रमाण दरवर्षी अभिमानाने सांगितले जाते. आरोग्याला ७,३८० कोटींच्या आसपास, एकूणाच्या दहा टक्के.

आमच्या भागात याचे रूप डोळ्यांसमोर आहे. नाहूर स्थानकाजवळचा पूल आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्ता यांचे काम जोरात आहे. पक्षी उद्यानही प्रस्तावित आहे. नाहूर गावच्या हद्दीत भांडुपसाठी ३६० खाटांचे महापालिका रुग्णालय उभे राहिले आहे. मुलुंडच्या एम. टी. अगरवाल रुग्णालयाची पुनर्बांधणी मात्र वर्षानुवर्षे रेंगाळली. इमारती बांधणे सोपे आहे, कारण तो खर्च चांगला मानला जातो आणि एकदाच होतो. ३६० खाटांना लागणारे डॉक्टर आणि परिचारिका यांची पदे म्हणजे तीस वर्षांचा महसुली खर्च आणि त्यापुढे निवृत्तिवेतन. म्हणून पदे भरली जात नाहीत, कंत्राटी नेमणुका होतात, आणि २०२५ मध्ये महापालिकेने नव्या रुग्णालयांपैकी काही खासगी भागीदारीत चालवण्याचा विचार पुढे आणला. नेत्यांची मर्जी आणि ठेकेदारांचा रेटा ही कारणे सगळे सांगतात. हिशेबाच्या पद्धतीचा रेटा त्यांच्याइतकाच आहे, तो कोणी सांगत नाही.

नियमाची बाजू

इतके वाचून नियमच मोडीत काढा, असा निष्कर्ष कोणी काढू नये. माझा तो नाही.

कर्जावरचे व्याज हा सगळ्यांत निर्दय खर्च असतो. तो सर्वांच्या आधी वसूल होतो आणि गरिबाच्या योजनेची जागा खातो. महाराष्ट्रावरचे कर्ज नऊ लाख कोटींच्या पुढे गेले आहे. महापालिकेच्या मुदतठेवी ऐंशी हजार कोटींच्या घरात असल्या, तरी त्यांतला बराच पैसा कर्मचाऱ्यांच्या भविष्यनिर्वाह निधीचा आणि ठेकेदारांच्या अनामतींचा आहे. हाती घेतलेल्या कामांचे देणे दोन लाख कोटींच्या वर आहे. सैल सोडलेल्या तिजोरीतला पैसा टेकडीवरच्या वस्तीपर्यंत पोचतो, असा अनुभव नाही. वाटेत मोठे रस्ते लागतात.

नियम नुसता कडक केल्याने तूट नाहीशीही होत नाही. ती दुसऱ्याच्या वहीत जाते. केंद्राने काही वर्षे अन्न अनुदानाची पूर्ण रक्कम अन्न महामंडळाला न देता महामंडळालाच अल्पबचत निधीतून कर्ज काढायला लावले. रेशनचे धान्य वाटले जात होते, पण त्याचा खर्च अर्थसंकल्पात दिसत नव्हता. फेब्रुवारी २०२१ मध्ये ही पद्धत थांबवून थकबाकी हिशेबात घेतली, तेव्हा २०२०-२१ चे अन्न अनुदान १.१५ लाख कोटींच्या अंदाजावरून ४.२२ लाख कोटींवर गेले. त्यात करोनाकाळातले मोफत धान्यही होते. तरी कित्येक वर्षांचा झाकलेला हिशेब एका वर्षात उघडा पडला.

तेव्हा प्रश्न नियम हवा की नको हा नाही. नियम कोणाला बांधतो आणि कोणाला मोकळे सोडतो, हा आहे.

पगारपत्रकातले दोनशे रुपये

या प्रश्नाचे एक उत्तर महाराष्ट्रानेच पन्नास वर्षांपूर्वी दिले होते. नाहूर-मुलुंडहून रोज लोकल पकडणाऱ्या बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकात ते आजही छापलेले असते: व्यवसाय कर, महिना २०० रुपये, फेब्रुवारीत ३००.

१९७२ च्या दुष्काळात रोजगार हमी योजना राज्यभर पसरली. वि. स. पागे यांनी तिचा पाया आधीच सांगली जिल्ह्यातल्या विसापूरला घातला होता. काम मागेल त्याला काम, हा शब्द द्यायचा तर पैसा कुठून आणायचा? पागे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्जावर किंवा वित्त विभागाच्या मर्जीवर भरवसा ठेवला नाही. १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला, आणखी काही कर जोडले, जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्याने घालायची असे ठरवले आणि त्याचा वेगळा निधी केला. १९७७ च्या कायद्याने मागेल त्याला काम हा हक्क झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मुंबईच्या कारकुनाने मराठवाड्यातल्या मजुराची हमी घेतली, आणि दोघांची नावे एकमेकांना माहीतही नव्हती.

तोल बिघडवला नाही. तोल साधतानाच गरिबाचा खर्च अनिवार्य वर्गात नेऊन बसवला. त्यातही खोट होतीच: पुढे कर जमत राहिला आणि सगळा पैसा रोहयोवर गेला नाही, निधी नावाला राहिला. पण दुष्काळी वर्षात, म्हणजे सरकारची जमा पडलेली असतानाच, कामे वाढवता येत होती. समतोलाचा नियम ज्या ठिकाणी मोडतो, नेमक्या त्याच ठिकाणी ही योजना टिकली.

काय मागायचे

पागे यांच्या या धड्यावरून चार गोष्टी मागता येतील, आणि यांतल्या एकीलाही तीन टक्क्यांची मर्यादा ओलांडावी लागत नाही.

पहिली: निराधार निवृत्तिवेतन, त्याची उत्पन्नमर्यादा आणि अंगणवाडीच्या आहाराचा दर महागाई निर्देशांकाला बांधा, जसा महागाई भत्ता बांधला आहे. कपात करायचीच असेल तर ती सभागृहात, मतदानाने होऊ द्या.

दुसरी: वर्षाच्या मध्यात निधी अडवला, वळवला किंवा परत घेतला, तर त्या विभागाचे नाव, योजना आणि रक्कम दर तिमाहीला जाहीर करा. बीम्समध्ये ही माहिती असते. ती गोळा करायची नाही, फक्त उघडायची आहे.

तिसरी: उत्पन्न घटलेल्या वर्षी काय कापायचे नाही याची यादी चांगल्या वर्षी कायद्यात लिहून ठेवा. ४ मे २०२० ला जी सवलत काही विभागांना शासन निर्णयाने मिळाली, ती निराधार, शिष्यवृत्ती आणि आश्रमशाळांना कायद्याने मिळाली पाहिजे. केंद्राच्या कायद्यात आणीबाणीची वाट ठेवलेली आहे. राज्यानेही आपल्या कायद्यात ती आधीच आखून ठेवावी.

चौथी महापालिकेसाठी: स्वस्त बसभाडे हा बेस्टचा तोटा नाही, महापालिकेचा खर्च आहे. तो ‘अ’ अर्थसंकल्पात, प्रति प्रवासी किती या हिशेबाने, नक्की रक्कम म्हणून लिहा. मग बेस्टने कार्यक्षमतेची परीक्षा द्यावी. गरिबीची परीक्षा तिच्याकडून घेऊ नये.

मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. त्यानंतर २०२३, २०२४ आणि २०२५ चे तीन अर्थसंकल्प प्रशासकाने मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले; स्थायी समिती नव्हती, महासभा नव्हती, ‘आमच्या वॉर्डातल्या दवाखान्याचे काय’ असे विचारणारे कोणी नव्हते. निवडणूक जानेवारी २०२६ मध्ये झाली. भांडुप-मुलुंडच्या एस आणि टी वॉर्डांतल्या मतदाराला माझी विनंती एवढीच आहे. निवडून आलेल्या नगरसेवकाला दोन आकडे विचारा: भांडुप आणि मुलुंडच्या रुग्णालयांत मंजूर पदे किती आणि भरलेली किती, आणि बेस्टला पुढची पाच वर्षे किती देणार, ते लेखी देता का. पुलाबद्दल तो आपणहून बोलेलच. या दोन आकड्यांचे उत्तर ज्याच्याकडे नसेल त्याला सभागृहात पाठवून उपयोग झाला नाही, कारण महापालिकेत गरिबाची बाजू जिथे ठरते ते अर्थसंकल्पाचे पुस्तक त्याने उघडलेलेच नाही.